एफ-ड्रॉइड: अ‍ॅपची जुनी आवृत्ती परत हवी असेल तर

कऱ्हाडला माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. गिऱ्हाइकांची मापं मी फोनमधल्या नोट्सच्या एका अ‍ॅपमध्ये ठेवते. गेल्या लग्नसराईत ते अ‍ॅप रात्रीतून आपोआप अपडेट झालं आणि माझ्या कामाचं राहिलं नाही. त्याची जुनी आवृत्ती मी एफ-ड्रॉइड या अ‍ॅप्सच्या भांडारावरून परत मिळवली आणि आजही तीच वापरते आहे. हा रिव्ह्यू एफ-ड्रॉइडचा आहे. त्या नोट्सच्या अ‍ॅपचं नाव मी लिहीत नाही. ज्यांनी ते बनवलं त्यांचं कित्येक वर्षांचं काम मी फुकट वापरलं आहे, आणि जे माझं झालं ते कुठल्याही अ‍ॅपच्या बाबतीत कुणाचंही होऊ शकतं.

आधी मापांचं सांगते, त्याशिवाय बाकीचं कळणार नाही. एका गिऱ्हाइकाची एक नोंद. वर नाव आणि पेठ किंवा गाव, कारण नुसत्या पाटीलवहिनी म्हटलं तर आमच्या भागात किती निघतील! त्याखाली नुसते आकडे, एकाखाली एक, ठरलेल्या क्रमानं: उंची, छाती, कंबर, शोल्डर, बाही, दंडघेर, मुंढा, पुढचा गळा, मागचा गळा. म्हणजे १४, खाली ३६, खाली ३०, परत १४, मग १०, साडेअकरा, १६, ७, साडेनऊ. शब्द लिहायचेच नाहीत. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलींना हा क्रम सगळ्यात आधी पाठ होतो. टेप गळ्यात, खडू हातात, फोन मशीनशेजारी उभा केलेला. मान वळवली की पाचव्या ओळीवर बाही दिसली पाहिजे. तळाला शेरे: डावा खांदा उतरता, हुक पुढे, कटोरी नको, अस्तर सुती, मागच्या खेपेला मुंढ्यात ओढत होतं. आणि माप कोणत्या महिन्यात घेतलं ते.

अपडेटनंतर या अ‍ॅपनं नोंदी सजवून दाखवायला सुरुवात केली. मार्कडाउन नावाची एक पद्धत असते. मजकुरात ठरावीक खुणा टाकल्या की मथळे, ठळक अक्षरं, याद्या आपोआप तयार होतात. लेख लिहिणाऱ्यांना ती सोयीची आहे, त्यात वाद नाही. पण तिचा एक नियम असा, की मधे रिकामी ओळ सोडली नसेल तर लागोपाठच्या ओळी एकाच परिच्छेदातल्या समजायच्या. झालं. माझे सगळे आकडे एका ओळीत, एकमेकांना चिकटून बसल्यासारखे. त्यात नव्या आवृत्तीला फोन नंबर ओळखायचीही हौस. आकड्यांची ती माळ तिनं फोन नंबर ठरवली, निळी केली, खाली रेघ ओढली. बोट लागलं की डायलर उघडायचा.

समोर कापड काय असतं ते लक्षात घ्या. लग्नाची पैठणी आली की तिचा ब्लाउजपीस त्याच साडीतून निघतो, काठ मोजून मिळतो. कात्री एकदा चालली की तसा दुसरा तुकडा बाजारात नाही. अशा वेळी ‘चौदा, छत्तीस, तीस, चौदा, मग दहा’ असं बोटानं मोजत पाचवा आकडा शोधायचा? दहाच्या जागी साडेअकरा वाचलं तर बाही लांब होईल, ती कमी करता येते. पण साडेअकराच्या जागी दहा वाचून दंडघेर कापला तर त्या बाईचा हात त्यात जायचा नाही. मी नव्या आवृत्तीवर कापायचं बंद केलं आणि तेवढ्यापुरतं प्रत्येकीला परत माप द्यायला बोलावलं. तळमावल्याहून आलेल्या एका आजी म्हणाल्या, "अगं, माझं माप आहे ना तुझ्याकडं? परत कशाला?" खरंच, कशाला?

सजावट बंद करता येत होती, नाही असं नाही. पण एकेका नोंदीत जाऊन. सगळ्या नोंदींना एकदम लागू होईल अशी सोय नव्हती, आणि माझ्याकडे तर दुकान सुरू केल्यापासूनची गिऱ्हाइकं. शिवाय यादीत पूर्वी एका पडद्यावर भरपूर नावं दिसायची, आता मोठमोठे चौकोन आणि त्यात जेमतेम चारपाच नावं. उघडलं की खात्यात लॉगिन करा म्हणून पट्टी. बनवणाऱ्यांना मी लिहिलं. उत्तर सभ्य आलं: पुढचं काम नव्या रचनेतच होणार. त्यांचा तो हक्क आहे. जुनी रचना वापरत राहायचा माझाही हक्क आहे, असं मला मनापासून वाटतं, आणि तो हक्क प्रत्यक्षात कसा बजावायचा याच शोधात मी एफ-ड्रॉइडपर्यंत पोचले.

मधे एक वळण टाळलं, तेही सांगते. बाजारपेठेतला एक मोबाइल दुरुस्तीवाला म्हणाला, "ताई, जुनी एपीके मी टेलिग्रामवरून काढून देतो, दोन मिनिटांचं काम आहे." एपीके म्हणजे अँड्रॉइड अ‍ॅपची फाइल. कुणीतरी कुठल्याशा ग्रुपवर टाकलेली फाइल, तिच्यात मधे कुणी काय घातलंय ते त्यालाही माहीत नाही आणि मलाही नाही. माझ्या फोनमध्ये शे-सव्वाशे घरांतल्या बायकांची नावं, फोन नंबर आणि अंगाची मापं आहेत. नको म्हटलं.

एफ-ड्रॉइड हे अ‍ॅप्सचं भांडार आहे. ते २०१० साली कियारन गल्टनिक्स यांनी सुरू केलं, आणि आज ते स्वयंसेवकांच्या कष्टावर आणि देणग्यांवर चालतं. इथे फक्त मुक्त स्रोत अ‍ॅप्स मिळतात, म्हणजे ज्यांचा मूळ कोड कुणालाही वाचता येतो, बदलता येतो. खातं उघडावं लागत नाही, पैसे पडत नाहीत, भांडारात जाहिरात नाही. आणि मुख्य गोष्ट: डेव्हलपरनं, म्हणजे अ‍ॅप बनवणाऱ्यानं, तयार करून दिलेली फाइल घेऊन ती पुढे ढकलायची, असं इथे सहसा होत नाही. एफ-ड्रॉइडवाले तो उघडा कोड घेतात, आपल्या यंत्रावर त्यापासून अ‍ॅप स्वतः तयार करतात आणि त्यावर आपली डिजिटल सही, म्हणजे फाइल कुणाकडून आली ते ओळखायची खूण, करतात. काही अ‍ॅप्सच्या बाबतीत त्यांनी तयार केलेली फाइल आणि डेव्हलपरची फाइल तंतोतंत जुळते हे तपासून मग डेव्हलपरच्याच सहीनं देतात. या सगळ्याला वेळ लागतो, त्यामुळे नवी आवृत्ती इथे प्ले स्टोअरपेक्षा उशिरा येते. ज्यांना आज आलेलं आजच हवं असतं त्यांना हे खटकेल. मला उशीर चालतो.

प्ले स्टोअरमध्ये एफ-ड्रॉइड सापडणार नाही. ब्राउझरमधून त्यांच्या साइटवर जाऊन फाइल उतरवायची, आणि अँड्रॉइड विचारेल तेव्हा त्या ब्राउझरला अ‍ॅप बसवायची परवानगी द्यायची. अँड्रॉइड ८ पासून ही परवानगी एकेका अ‍ॅपला वेगळी देता येते. एफ-ड्रॉइड बसलं की ब्राउझरची परवानगी लगेच काढून घ्या. पुढे फक्त एफ-ड्रॉइडलाच ती पुरते.

आता जुन्या आवृत्त्या. कुठल्याही अ‍ॅपच्या पानावर खाली ‘व्हर्जन्स’ म्हणून यादी असते: आवृत्तीचा क्रमांक, ती भांडारात कधी आली ती तारीख, कोणत्या अँड्रॉइडपासून पुढे चालते, आणि फोनकडे कोणकोणत्या परवानग्या मागते. मुख्य भांडारात साधारण अलीकडच्या तीन आवृत्त्या असतात. त्याआधीच्या अर्काइव्ह नावाच्या वेगळ्या भांडारात जातात आणि ते सुरुवातीला बंद असतं. सेटिंग्जमध्ये रिपॉझिटरीजमध्ये, म्हणजे भांडारांच्या यादीत, जाऊन ते चालू करावं लागतं. मग यादी लांबत जाते. मी गिऱ्हाइकांचे कागदी फर्मे नावं टाकून खिळ्याला अडकवून ठेवते, कुणाचं वजन कमीजास्त झालं तरी आधीचा फर्मा फेकत नाही. इथे त्या यादीकडे बघताना मला तेच वाटलं. कुणीतरी जपून ठेवलंय.

यादीत मला जे दिसलं ते प्ले स्टोअरमध्ये कधीच दिसलं नव्हतं. नव्या आवृत्तीखालच्या परवानग्यांत इंटरनेट होतं. मला हव्या असलेल्या जुन्या आवृत्तीखाली इंटरनेट नव्हतंच. ती आवृत्ती बाहेर काही पाठवू शकत नाही, कारण बाहेरचा दरवाजाच तिला नाही. शिवाय नव्या आवृत्तीवर एफ-ड्रॉइडनं एक शेरा मारला होता: मुक्त नसलेल्या ऑनलाइन सेवेवर अवलंबून. असे शेरे ते ठरवून देतात. जाहिराती दाखवणारं, पाळत ठेवणारं, माहीत असलेली सुरक्षेची त्रुटी असलेलं, प्रत्येकाला वेगळा शेरा, बसवायच्या आधी वाचता येईल असा. मी कापड घेताना हात लावून बघते, सुती म्हणून टेरीकॉट गळ्यात मारत नाहीत ना ते. अ‍ॅपच्या बाबतीत तसं बघायची सोय मला इथे पहिल्यांदा मिळाली.

पण जुनी आवृत्ती दिसली म्हणून लगेच बसवता येत नाही, आणि इथेच बहुतेकांची फसगत होते. अँड्रॉइड नव्या आवृत्तीवर जुनी बसू देत नाही. प्रत्येक आवृत्तीला आत एक वाढता क्रमांक असतो. फोनमध्ये आहे त्यापेक्षा लहान क्रमांकाची फाइल आली की ती नाकारली जाते. यामागे कारण आहे आणि ते योग्यच आहे. एखाद्या आवृत्तीतलं भगदाड बुजवल्यावर कुणी गुपचूप भगदाडवाली आवृत्ती परत बसवू नये. दुसरं म्हणजे, नवी आवृत्ती पहिल्यांदा उघडली की ती बऱ्याचदा आपल्या नोंदींची आतली मांडणी बदलून घेते, आणि जुनीला ती मांडणी वाचता येत नाही. म्हणून नवं अ‍ॅप आधी पूर्ण काढावं लागतं. आणि अ‍ॅप काढलं की त्याच्या पोटातल्या सगळ्या नोंदी त्याच्याबरोबर जातात.

माझ्या बाबतीत तर काढणं दुप्पट भाग होतं. माझं अ‍ॅप मूळचं प्ले स्टोअरचं, त्यावर डेव्हलपरची सही. एफ-ड्रॉइडच्या फाइलवर एफ-ड्रॉइडची सही. सह्या वेगळ्या असल्या की एकावर दुसरं बसत नाही, मग आवृत्ती नवी असो की जुनी.

गुगलचा आपोआप होणारा बॅकअप कामी येईल असं माझा भाचा म्हणत होता. तो पुण्याला इंजिनिअरिंगला आहे. त्यानंच मग शोधून सांगितलं की नाही, येणार नाही. तो बॅकअप नव्या आवृत्तीनं घेतलेला असला तर अँड्रॉइड तो जुन्या आवृत्तीत सहसा उतरवत नाही, डेव्हलपरनं मुद्दाम तशी मुभा दिली असेल तरच उतरतो. तेव्हा नोंदी स्वतः बाहेर काढायच्या, हाच खरा रस्ता.

मी तसंच केलं, रात्री दुकान बंद केल्यावर. अ‍ॅपच्या मेनूत एक्स्पोर्ट होतं आणि त्यात दोन प्रकार: एक अ‍ॅपच्या स्वतःच्या रचनेची फाइल, दुसरा प्रत्येक नोंदीची साधी टेक्स्ट फाइल. मी दुसरा घेतला. पहिला प्रकार नव्या आवृत्तीचा असल्यामुळे जुनी तो वाचेलच याची खात्री नाही, साधी टेक्स्ट फाइल मात्र काहीही वाचू शकतं. ओळी जुळलेल्या दिसत होत्या त्या फक्त दाखवण्यात. फाइल उघडून बघितली तर १४, खाली ३६, खाली ३०, सगळं जिथल्या तिथे. मार्कडाउननं मूळ मजकुराला हात लावलेला नव्हता. हे बघून जीव भांड्यात पडला. फाइलींचा तो गठ्ठा मी ओटीजी, म्हणजे फोनला पेन ड्राइव्ह जोडायची छोटी जोडणी, लावून पेन ड्राइव्हवर घेतला, स्वतःला मेल केला, आणि पेन ड्राइव्हवरच्या चार-दोन फाइली परत उघडून बघितल्या. मगच अ‍ॅप काढलं.

एफ-ड्रॉइडवर यादीतली हवी ती आवृत्ती निवडली, बसवली, इम्पोर्ट केलं. नावं आली, आकडे आले, शेरे आले. काही गोष्टी आल्या नाहीत, त्या प्रामाणिकपणे सांगितल्या पाहिजेत. प्रत्येक नोंदीची तारीख त्या रात्रीची झाली, म्हणजे ‘अलीकडे बदललेली आधी’ हा क्रम गेला. नोंदींना दिलेले रंग गेले. मी उसनवारीला लाल आणि तातडीच्या शिलाईला पिवळा रंग द्यायचे, ते सगळं हातानं परत करावं लागलं. वर टाचून ठेवलेल्या नोंदी सुट्या झाल्या. माप घेतल्याचा महिना मजकुरातच लिहिलेला असल्यामुळे तो वाचला. तुमच्या नोंदींत तारखेला महत्त्व असेल आणि ती मजकुरात नसेल तर एक्स्पोर्टच्या आधी लिहून घ्या. नोंदींना फोटो जोडलेले असतील तर तेही टेक्स्ट फाइलीत येत नाहीत, वेगळे काढावे लागतात.

शेवटचं काम अपडेट थांबवायचं. एफ-ड्रॉइड जुन्या आवृत्तीपुढे ‘अपडेट उपलब्ध’ दाखवत राहतं. अ‍ॅपच्या पानावर वरच्या तीन ठिपक्यांत सगळ्या अपडेटकडे दुर्लक्ष करा असा पर्याय आहे, तो चालू केला. प्ले स्टोअरला तर सही वेगळी असल्यामुळे या अ‍ॅपला हात लावताच येत नाही. ज्यांचं अ‍ॅप प्ले स्टोअरचंच आहे आणि अजून अपडेट व्हायचं आहे, त्यांनी प्ले स्टोअरमध्ये त्या अ‍ॅपच्या पानावर तीन ठिपके दाबून आपोआप अपडेटची खूण आजच काढावी. परत मागे जाण्याचा खटाटोप करण्यापेक्षा ते कितीतरी सोपं. फोनबरोबर आलेल्या अ‍ॅप्सना आणखी एक सोय असते: सेटिंग्जमध्ये ‘अपडेट्स काढा’ म्हटलं की ती कारखान्यातून आली त्या आवृत्तीवर जातात. मधली आवृत्ती मात्र तशी मिळत नाही.

हे वाचून कुणी बँकेचं, यूपीआयचं अ‍ॅप मागे न्यायला जाऊ नका. तिथे सुरक्षेच्या दुरुस्त्या हव्यातच, आणि जुन्या आवृत्त्या तशाही सर्व्हरकडून बंद केल्या जातात. व्हॉट्सअ‍ॅपही जुनी आवृत्ती ठरावीक मुदतीनंतर चालू देत नाही. जे अ‍ॅप बाहेरच्या जगाशी बोलतं त्यानं जगाबरोबर बदलायलाच हवं. माझ्या मापाच्या वहीला बाहेर काही बोलायचं नाही. छत्तीस इंचाची छाती कुठल्याही अपडेटनं सदतीस होत नाही. इंटरनेट न मागणारं, एकच काम नीट करणारं अ‍ॅप असेल तर ते जुनं ठेवण्यात धोका फार थोडा, आणि फायदा मी रोज बघते.

एफ-ड्रॉइडच्या मर्यादा आहेत. मुक्त स्रोत नसलेलं अ‍ॅप इथे मिळणारच नाही, म्हणजे आपल्या फोनवरची बहुतेक नावाजलेली अ‍ॅप्स नाहीत. तशांसाठी एपीकेमिरर ही साइट आहे, २०१४ पासूनची. तिथे अ‍ॅप्सच्या जुन्या आवृत्त्या साठवलेल्या असतात, आणि नव्यानं आलेल्या फाइलवरची सही आधीच्या फाइलींशी जुळते का ते तपासतात. सही डेव्हलपरचीच राहते, हे महत्त्वाचं. पैसे देऊन घ्यायची अ‍ॅप्स आणि कुणी फेरफार केलेली अ‍ॅप्स तिथे ठेवत नाहीत. पण साइट जाहिरातींवर चालते, त्यामुळे डाउनलोडचं खरं बटण कोणतं हे नीट बघून दाबायचं. आणि हल्लीची बरीच अ‍ॅप्स एका फाइलीत नसून तुकड्यांच्या गठ्ठ्यात येतात, त्यांना एपीकेमिररचं वेगळं इन्स्टॉलर लागतं. एफ-ड्रॉइडपेक्षा हे किचकट आहे. आयफोनवाल्यांना यातलं काहीच करता येत नाही. फोन जुना असेल आणि अ‍ॅप पूर्वी घेतलेलं असेल तर त्या फोनवर चालणारी शेवटची आवृत्ती अ‍ॅप स्टोअर देऊ करतं, एवढंच. निवड आपली नाही.

एफ-ड्रॉइडवर तारे नाहीत, लोकांचे अभिप्राय नाहीत. दोन सारख्या अ‍ॅप्सपैकी चांगलं कोणतं ते स्वतः वापरूनच ठरवावं लागतं. बऱ्याच अ‍ॅप्सचं वर्णन फक्त इंग्रजीत आहे आणि ते लिहिणाऱ्यानं लिहिणाऱ्यांसाठीच लिहिल्यासारखं वाटतं. माझ्या शेजारच्या फॉल-पिको करणाऱ्या वहिनींना मी हे अ‍ॅप दिलं, तर ‘रिपॉझिटरी’ पाशी त्या थांबल्या. समोर बसून दाखवल्यावर जमलं. दाखवणारं कुणी हवं, हे खरं.

तरीही मी याच्या बाजूनं का आहे त्याचं एक उदाहरण देते, माझं नव्हे, सगळ्यांना ठाऊक असलेलं. सिंपल मोबाइल टूल्स नावाचा अ‍ॅप्सचा एक संच होता: गॅलरी, कॅलेंडर, नोट्स, फाइल मॅनेजर. साधी, जाहिराती नसलेली, मुक्त स्रोत अ‍ॅप्स, लाखो लोक वापरायचे. २०२३ च्या शेवटी ती झिपोअ‍ॅप्स या कंपनीला विकली गेली. वापरणारे हवालदिल झाले. पण कोड उघडा होता. त्या प्रकल्पात काम केलेल्या सहकाऱ्यानं तोच कोड घेऊन फॉसिफाय या नावानं संच पुढे चालू केला, आणि फॉसिफायची गॅलरी, नोट्स, कॅलेंडर आज एफ-ड्रॉइडवर आहेत. बंद कोडच्या अ‍ॅपच्या बाबतीत लोकांना फक्त हळहळता आलं असतं. माझ्या नोट्सच्या अ‍ॅपचं उद्या कुणी असंच जुनं रूप हाती घेतलं तर मी पहिली गिऱ्हाईक.

काळजी एकाच गोष्टीची वाटते. गुगलनं ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर केलं की गुगलनं प्रमाणित केलेल्या अँड्रॉइड फोनवर बसणारं अ‍ॅप, ते कुठूनही आलेलं असो, गुगलकडे ओळख पटवलेल्या डेव्हलपरनं नोंदवलेलं असलं पाहिजे. सप्टेंबर २०२६ पासून ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंडमध्ये, आणि २०२७ पासून हळूहळू इतर देशांत. एफ-ड्रॉइडनं उघड विरोध केला, कारण इतक्या साऱ्या स्वयंसेवी डेव्हलपरांच्या वतीनं अशी नोंदणी करणं त्यांना शक्यच नाही आणि भांडारच बंद पडू शकतं. नंतर गुगलनं सांगितलं की जाणकारांना इशारे वाचून, जोखीम पत्करून पुढे जाण्याचा मार्ग ठेवू. तो मार्ग किती रुंद असेल त्यावर माझ्यासारख्यांचं पुष्कळ काही अवलंबून आहे. फसवणूक थांबायला हवी, आमच्या गल्लीतल्या एका काकांचे पैसे अशाच पाठवलेल्या अ‍ॅपमुळे गेलेत. पण कोड उघडा ठेवणाऱ्या, प्रत्येक आवृत्ती तारखेसकट मांडणाऱ्या भांडाराला आणि त्या चोरांना एकाच चाळणीतून काढू नये, असं माझं ठाम मत आहे.

मी एफ-ड्रॉइडला थोडी देणगी दिली, त्यांच्या साइटवर सोय आहे. आणि माझ्या आवृत्तीची एपीके फाइल पेन ड्राइव्हवर मापांच्या शेजारीच ठेवली आहे. फोन बदलला तरी ती चालावी: अँड्रॉइड १४ पासून फार जुन्या, अँड्रॉइड ६ च्याही आधीच्या पद्धतीनं बनवलेली अ‍ॅप्स बसत नाहीत आणि १५ मध्ये ती मर्यादा आणखी एक पायरी वर गेली, पण माझी आवृत्ती २०२१ ची आहे, तिला अजून बरीच जागा आहे. महिन्यातून एकदा नोंदी टेक्स्टमध्ये काढून पेन ड्राइव्हवर टाकायचं काम आता दुकानातल्या थोरल्या मुलीकडे दिलं आहे, आणि काढल्यावर कुठलीही एक फाइल उघडून आकडे एकाखाली एक आहेत का ते ती मला मोठ्यानं वाचून दाखवते.